गाडी हळूच होती

मला बघायला दवाखान्यात आलेला प्रत्येक माणूस एकच विचारायचा. "किती स्पीडला होती गाडी?"

मी म्हणायचे, "हळू होती. आपण भाजी आणायला चालत जातो ना, तेवढी."

झालं, समोरच्याचा चेहराच पडायचा. अपघात म्हटल्यावर माणसाला काहीतरी भरधाव लागतं. आणलेली केळी लॉकरवर ठेवत तो म्हणायचा, "मग एवढं कसं झालं?" गल्लीतल्या एका काकूंनी तर खाटेशेजारी उभ्या उभ्या निदान करून टाकलं, "तुजी हाडंच कच्ची असणार गं. दूध पीत न्हाईस की तू."

मी दूध पीत नाही हे खरं आहे. पण त्या दिवशी दुधाचा काही संबंध नव्हता.

या लोकांना काय उत्तर द्यावं ते मला तेव्हा येत नव्हतं, आता येतं. तुम्हालाही एखाद्या हळू चालणाऱ्या गाडीनं दाबलं असेल आणि लोक असंच तोंड वाकडं करत असतील, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. औषधपाण्याचं डॉक्टरांना विचारा. मी खाटेवर पडून काय शिकले तेवढंच सांगते.

कंबर लावणे

मी सुजाता. सोलापुरात एका टॉवेल कारखान्यात एकवीस वर्षं काम करते. पॅकिंगला लागले, आता माल रवाना करायच्या खात्यात आहे.

आमच्याकडे बीमच्या ट्रॉल्या असतात. बीम म्हणजे सूत गुंडाळलेला मोठा लोखंडी रूळ. तो ट्रॉलीवर टाकायचा आणि ढकलत न्यायचा. ट्रॉलीला ब्रेक नसतो. मग थांबवायची कशी? कंबर लावून. पुढच्या बाईनं पाय रोवायचे, अंग तिरकं करायचं आणि येणारी ट्रॉली कमरेवर घ्यायची. दोन पावलं मागं सरकत सरकत ती थांबते. कारखान्यात पाऊल टाकल्यावर पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. जिला कंबर लावता येत नाही ती नवखी, आणि जिच्या कमरेला काळानिळा डाग ती मुरलेली. माझा डाग कधी गेलाच नाही. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी सकाळी मी गोदामात खांबाजवळ उभी राहून खोक्यांवरची लेबलं तपासत होते. आमचे रज्जाकभाई फोर्कलिफ्ट मागं घेत होते. गाठी उचलणारी ती दोन सुळ्यांची गाडी, दिसायला लहानखुरी. सुळ्यांवर त्या वेळी काही नव्हतं, गाडी रिकामी होती. तिची मागची चाकं वळतात, त्यामुळं वळण घेताना तिचं शेपूट बाहेर फेकलं जातं. ते शेपूट माझ्या खोक्यांकडं यायला लागलं. परदेशी जायचा माल, रात्रपाळीनं बांधून ठेवलेला.

मी ओरडले, "भाई, बास बास!" आणि ओरडता ओरडता कंबर लावली.

विचार केला नाही. एकवीस वर्षांत कमरेनं कधी विचारून काम केलं नव्हतं. फक्त या वेळी मागं सरकायला दोन पावलं नव्हती, खांब होता.

आवाज झाला नाही. लोकांना हेही पटत नाही. आधी गार लोखंड लागलं. मग श्वास बाहेर गेला आणि आत येईना. रज्जाकभाईंनी ब्रेक दाबला होता, गाडी थांबतच होती. पण थांबता थांबता ती आणखी वीतभर आली, आणि त्या वीतभर जागेत मी होते.

बांगडी

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून म्हणाल्या, "कमरेला हाडांचं एक कडं असतं. काचेची बांगडी फुटली की एकाच जागी फुटते का? दोन जागी फुटते. तुमचंही दोन जागी गेलंय."

माझा नवरा मिलिंद शेजारी उभा होता. त्यानं माझा हात इतका आवळला की मला तेवढ्यापुरता कमरेचा विसर पडला.

मी म्हणाले, "पण बाई, गाडी हळू होती हो." म्हणजे बघा, मी स्वतःसुद्धा तेच म्हणत होते.

"हळू असेल. फोटो हा आहे," त्या म्हणाल्या. ऑपरेशन करून धातूची पट्टी आणि स्क्रू बसवायचे, मग सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. मी विचारलं, चालेन ना? तर म्हणाल्या, चालाल, पण सरळ का लंगडत ते आज नाही सांगता येणार.

मला भीती वाटली. मरणाची नाही, ते टळलं होतं. भीती वाटली ती अशी, की आता मी आयुष्यभर कुणाच्या तरी हाताला धरून मोरीत जाणार. मिलिंद बिलं भरायच्या रांगेत गेला आणि मी छताकडं बघून रडून घेतलं.

शेजारच्या खाटेवर अक्कलकोटकडच्या एक आजी होत्या, खुब्याचं हाड मोडलेल्या. त्या कानडीत म्हणाल्या, "याक अळ्ती यव्वा?" का रडतेस म्हणून. मला कानडी तेवढंच कळलं. मिलिंद परत आल्यावर त्यांनी उशाखालची डबी काढून शेंगाचटणी त्याच्या हाती माझ्याकडं पाठवली. ऑपरेशन झाल्यावर पहिला तिखट घास मी त्या चटणीचा खाल्ला.

खाट

दवाखान्यातल्या दिवसाचं वेळापत्रक तुम्हाला पाठच होईल. पहाटे ताप मोजायचा, मग भांडं, मग अंग पुसणं. भांड्याची लाज पहिले तीन दिवस वाटते. चौथ्या दिवशी आपणच हाक मारतो, "सिस्टर, लवकर!" तिघींनी मिळून लाकडाच्या ओंडक्यासारखं आपल्याला एका कुशीवर वळवायचं, पाठ चोळायची, परत ठेवायचं. लाजू नका. त्यांनी तुमच्यापेक्षा वाईट पाहिलेलं असतं.

मिलिंद माझी वेणी घालायला शिकला. तिसऱ्या दिवसापर्यंत ती वेणी दिसायची उपटलेल्या मुळ्यासारखी, पण शिकला. नळाला पाणी यायच्या दिवशी तो यायचा नाही, पिंपं भरायला घरी थांबावं लागे. त्या दिवशी माझे सासरे यायचे. त्यांना मी मामा म्हणते.

एकदा फोटो काढायला न्यायचं म्हणून दोघांनी माझी खाट ढकलत लिफ्टकडं नेली. खाट लिफ्टच्या चौकटीला लागली. लागली म्हणजे नुसती टेकली. मी अशी किंचाळले की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

ढकलणारा म्हणाला, "हळूच लागलं की बाई!"

मला रडता रडता हसू आलं. म्हटलं, बाबा, तू पण त्यातलाच.

कागद

तिसऱ्या आठवड्यात कारखान्याचे मॅनेजर आले. मोसंबी आणली होती आणि एक कागद. माणूस वाईट नाही. पण कागद आधी काढला आणि मोसंबी नंतर.

"सुजाताबाई, अपघाताची नोंद करावी लागते. वाचा आणि सही करा. आपलं घरचंच आहे."

वाचलं. "वाहन अत्यंत कमी वेगात होते. कामगाराने स्वतः होऊन वाहनास कंबर लावून अडविण्याचा प्रयत्न केला. अपघात किरकोळ स्वरूपाचा."

किरकोळ! माझ्या कमरेत लोखंड घातलंय, मी भांड्यावर बसून दिवस मोजतेय, आणि किरकोळ. डोक्यात तिडीक गेली.

"साहेब, हा किरकोळ शब्द तुमच्या कमरेला बांधून बघा एकदा."

"अहो, पण गाडी मुंगीच्या पावलानं होती हे खरं का नाही?"

"खरं."

"तुम्ही कंबर लावली हे खरं का नाही?"

"खरं."

"मग?"

मग काय, ते मला सांगता येईना. कागदातलं वाक्य न् वाक्य खरं होतं आणि सगळा कागद खोटा होता. मी सही केली नाही. ते मोसंबी ठेवून गेले.

मिलिंद त्या दिवशी माझ्यावर चिडला. "सही कर आणि सोड. तिकडं परत जायचंच कशाला? घरी बस, मी आहे की." मी म्हणाले, मी घरी बसले तर कागद म्हणतो तेच खरं ठरेल, एका वेड्या बाईनं आपली कंबर आपणच मोडून घेतली. तो म्हणाला, "तुला कागदाची पडलीय. मला तुझी पडलीय." दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. आजारपणात नवराबायको एकमेकांजवळ येतात असं म्हणतात. येतात, पण आधी दोघांचीही कंबर मोडते.

पद्मा आली

मग पद्मा भेटायला आली. माझ्या हाताखालची बाविशीची पोरगी, घरची भाषा तेलुगू. मला अक्का म्हणते. आमच्या खात्यात माझ्याजागी आता तिला उभं केलं होतं.

"अक्का, काळजी नका करू तुमी. तुमचं काम मी करतेय की. तुमी शिकवलंय ना, तसंच." इकडंतिकडं बघून तिनं पदर सारला आणि कमरेवरचा डाग दाखवला. काळानिळा, तळहाताएवढा. "हे बघा. आता मी बी पक्की झाले."

ती हसत होती.

तिला मीच शिकवलं होतं. पाय असे रोव, अंग असं तिरकं कर, घाबरायचं नाही, ट्रॉली काय खाते का तुला. माझे शब्द. ती कुठं उभी राहते विचारलं, तर म्हणाली, "तितंच, खांबापाशी."

ती गेली. माझी कंबर मोडली ती मोडली. पण त्या खांबापाशी आता एक पोरगी उभी होती, आणि तिला तिथं मी उभं केलं होतं. मला उठायलाच हवं होतं.

मामांचा खडू

आमचे मामा सातवी शिकलेले. तीस वर्षं एका शाळेत प्रयोगशाळेत शिपाई होते. सर यायच्या आधी प्रयोग मांडून ठेवायचे आणि दाराशी उभं राहून ऐकायचे. पाणी यायच्या दिवशी ते आले तेव्हा मी त्यांना विचारलं, "मामा, गाडी हळू होती. मग माझं हाड का मोडलं?"

ते एकदम ताठ बसले. तीस वर्षांत त्यांना कुणी प्रश्न विचारला नसावा.

"तू नुसता वेग बघतीस. वजन कुटं गेलं? त्या गाडीच्या बुडात लोखंडाचा ठोकळा असतोय, पुढं गाठ उचलल्यावर गाडी उलथू न्हाय म्हणून. रिकामी दिसती, पर रिकामी नसती कवाच. ट्रॉलीचा वेग आन् हिचा वेग एकच, पर हिच्या मागं वजन किती पटीनं!"

"पण रज्जाकभाईंनी ब्रेक मारला होता."

"मारला. पर थांबायला जागा लागती सुजाता. गाठींच्या थप्पीवरनं तुमी पोरी टॉवेलच्या ढिगावर उड्या मारता का न्हाय? काय होतं? काय न्हाय. तीच उडी फरशीवर मारली तर घोटा गेला. उडी तीच, वेग तोच. ढिगात हातभर आत जाऊन थांबता, फरशीत जागाच न्हाय थांबायला. थांबायला जागा जितकी कमी, तितका मार जास्त. ट्रॉली तुजी कंबर घिऊन दोन पावलं मागं जायची, ती दोन पावलं तुला वाचवीत हुती. खांबापुढं तुज्याकडं दोन पावलं नव्हती. मग गाडीनं जागा तुज्या हाडातनं घेतली."

तीन आठवडे मला कुणी हे सांगितलं नव्हतं. माझी हाडं कच्ची नव्हती आणि मी वेडीही नव्हते. मी एका गाडीला थांबायला जागा दिली होती, माझ्या अंगातली.

"आन् वेग दुप्पट झाला तर मार दुप्पट न्हाय, चौपट. म्हणून नुसतं हळू चालवा म्हणणं बी खोटं न्हाय. पर हळू म्हंजे बिनघोर, हे चूक," मामा म्हणाले. दुसऱ्या खेपेला ते घरून चाकं लावलेली फळी, दोन विटा आणि खडू घेऊन आले. वॉर्डात फरशीवर खडू भिंतीला आडवा टेकवला, टोक पुढं करून. रिकामी फळी ढकलली, खडूला लागून मागं आली. तीच फळी विटा ठेवून, तितक्याच हळू ढकलली. खडूचे तीन तुकडे झाले. अक्कलकोटच्या आजींनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरनं विटा जप्त केल्या.

सही

मॅनेजरना मी निरोप पाठवला, सही करते म्हणून. ते आले. मी म्हणाले, तुमच्या ओळींखाली माझ्या चार ओळी येतील. आणि लिहिल्या: "कंबर लावून वाहन थांबवायची पद्धत या कारखान्यात सर्वांना शिकवली जाते. मला शिकवली. मी स्वतः इतरांना शिकवली, ती माझी चूक. अपघात किरकोळ नाही."

तिसरी ओळ मला टाळता आली असती. पण ती लिहिली नसती तर मी आणि साहेब सारखेच झालो असतो.

"आणखी एक. मी कामावर आले की सगळ्यांसमोर अर्धा तास बोलणार."

त्यांनी माझ्या कमरेकडं, खाटेकडं, लटकत्या बाटलीकडं बघितलं आणि समजूत घातल्यासारखं म्हणाले, "या की. स्वतःच्या पायांनी या, मग बोला."

त्यांना वाटलं मी येत नाही. त्यांचे उपकारच झाले म्हणायचे. पुढं वॉकरवर पहिलं पाऊल टाकताना मांडीतून कळ मस्तकात गेली तेव्हा मी तेच वाक्य मनात म्हटलं. व्यायाम शिकवणाऱ्या ताई म्हणायच्या दहा वेळा, मी पंधरा वेळा करायचे. मिलिंद म्हणायचा, "तुला बरं व्हायचंय का भांडायचंय?" मी म्हणायचे, दोन्ही. एके दिवशी त्यानं वाद सोडला आणि गॅलरीच्या कठड्याला मला धरायला दोर बांधून दिला.

खुर्ची

रज्जाकभाई घरी आले तेव्हा मी वॉकरवर होते. त्या दिवसापासून त्यांनी फोर्कलिफ्टला हात लावला नव्हता. दारातच उभे राहिले. "बहन, मेरेकू दिखेच नै तुम. मय ब्रेक मारा था. कसम से."

"मला माहीत आहे भाई. तुम्ही ब्रेक मारला नसता तर मी आज बोलले नसते. आता एक काम करा. एकदा, माझ्यासाठी, गाडी चालवा."

पाचव्या महिन्यात मी कारखान्याच्या फाटकातून आत गेले. काठी होती हातात, पण पाय माझे होते. थोडी लंगडत होते, अजूनही लंगडते. मॅनेजर मला बघून खुर्चीतून उठले. मी म्हणाले, "बरं झालं उठलात. तीच खुर्ची हवी होती."

ती प्लॅस्टिकची खुर्ची आम्ही खांबाला टेकवून ठेवली. सगळ्यांना दोरीच्या मागं उभं केलं. मामा पांढरा सदरा घालून आले होते, प्रयोग मांडायला. पहिल्यांदा रिकामी हातट्रॉली चालीच्या वेगानं सोडली. खुर्चीला लागली, खुर्ची दबली, ट्रॉली मागं आली. पोरं हसली. मग रज्जाकभाई रिकामी फोर्कलिफ्ट घेऊन आले, तेवढ्याच वेगानं. पद्मा दोरीमागून गाडीच्या बरोबरीनं चालत होती, वेग कळावा म्हणून, आणि तिला चाल वाढवावी लागली नाही.

खुर्ची एकदाच कडकन वाजली. गाडी वीतभर पुढं जाऊन थांबली, आणि खुर्चीचे पाय खांबाच्या दोन बाजूंना पसरले.

कुणी हसलं नाही. मी बोलणार होते अर्धा तास, बोलले पाच मिनिटं. सांगितलं, ही गाडी हळू होती. हिला कंबर लावू नका, हात लावू नका, माल वाचवायला जाऊ नका. गाडी आणि खांबाच्या मधे कधीच उभ्या राहू नका. बाजूला व्हा. आणि कंबर लावायला मी तुमच्यातल्या बऱ्याच जणींना शिकवलंय. चुकीचं शिकवलं. आज परत घेते.

त्यानंतर खांबांना जुने टायर बांधले गेले, ट्रॉल्यांना ब्रेक लागले आणि जमिनीवर पिवळे पट्टे आले. मॅनेजरनी नवी खुर्ची मागवली, तीही प्लॅस्टिकचीच.

टवका

पट्टे मारून सवय जात नाही. मला रोज धाकधूक असायची. पद्मा ट्रॉली दिसली की अजून पाय रोवायची, मग माझ्याकडं बघून जीभ चावायची.

एका दुपारी एका ट्रॉलीचा ब्रेक लागलाच नाही. त्या बाजूला जमीन जराशी उतरती आहे. भरलेला बीम घेऊन ट्रॉली निघाली, हळूच, मागं कुणी नाही. पुढं पद्मा होती आणि तिच्या मागं भिंत. मी वीस पावलांवर होते. काठी घेऊन मला धावता येत नाही. तोंडातून शब्दही निघेना.

पद्मानं पाय रोवले. अंग तिरकं केलं. मी बघत होते, अगदी मी शिकवलं होतं तसं.

मग तिनं पाय उचलला आणि ती बाजूला झाली.

ट्रॉली भिंतीवर गेली. बीम घसरला, सूत फरशीभर पसरलं, गिलावा खाली आला. आवाज ऐकून मॅनेजर धावत आले. "अरे, कुणी थांबवली का नाही?"

पद्मा कमरेवर हात ठेवून उभी होती. "नाही थांबवली, सर," ती म्हणाली.

भिंतीला ताटाएवढा टवका पडलाय. गवंडी दोनदा येऊन गेला, मी दोन्ही वेळा त्याला चहा पाजून परत पाठवला.